जॉर्ज हॅरिसन ऐकायचाय? स्लाइड गिटारचा माग धरा

‘समथिंग’, ‘हिअर कम्स द सन’ आणि ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ ही बीटल्सची गाणी तुम्हाला आवडतात. ती लेनन-मॅकार्टनीची नसून जॉर्ज हॅरिसनची आहेत हेही ठाऊक आहे. आता त्याचं एकट्याचं काम ऐकावं असं वाटतंय, पण समोर 1968 ते 2002 या काळातले 12 स्टुडिओ अल्बम, मैफलींच्या ध्वनिमुद्रिका, निवडक गाण्यांचे संग्रह आणि जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्या असा ढीग आहे. हा लेख त्या ढिगापुढे उभ्या असलेल्या वाचकासाठी आहे.

आधी कुठून सुरू करू नये ते सांगतो, कारण बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो. क्रमानं जायचं ठरवलंत, तर पहिला अल्बम एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत निघतो आणि दुसरा, 1969 चा ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’, मूग सिंथेसायझरवरच्या दोन लांबलचक प्रयोगांचा. गाणं म्हणावं असं त्यात काही नाही. निवडक गाण्यांचा संग्रह घ्यावा म्हणून 1976 चा ‘द बेस्ट ऑफ जॉर्ज हॅरिसन’ उचललात, तर त्याची एक अख्खी बाजू बीटल्सच्याच गाण्यांची आहे, म्हणजे तुम्ही जिथून निघालात तिथेच परत. आणि सगळे ज्याची शिफारस करतात तो ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ तीन एलपींचा आहे. तो एका बैठकीत ऐकायला घेतला की दुसऱ्या तबकडीपर्यंत कान थकतात आणि माणूस ‘चांगला आहे, पण फार झालं’ म्हणून उठतो.

माझं सांगणं असं की अल्बमांच्या यादीऐवजी एक आवाज पकडा आणि त्याच्या मागोमाग जा. तो आवाज म्हणजे त्याची स्लाइड गिटार.

हॅरिसनचा गळा मोठा नव्हता. पल्ला बेताचा, आवाज थोडा नाकात, वरच्या पट्टीत गेला की ताणलेला. त्याच्या गळ्याला जे जमत नव्हतं ते त्यानं स्लाइडकडून गाऊन घेतलं. काचेची किंवा धातूची नळी बोटात घालायची आणि ती तारेवरून सरकवत न्यायची. गिटारच्या पडद्यांचे ठरलेले टप्पे मोडून दोन स्वरांमधली सगळी जागा त्यामुळे खुली होते. ब्लूजचे वादक हे फार पूर्वीपासून करत आले होते. हॅरिसननं ते मनावर घेतलं 1969 च्या डिसेंबरात, डिलेनी आणि बॉनी या जोडीच्या दौऱ्यात, म्हणजे बीटल्सच्या अगदी शेवटच्या दिवसांत. पण त्याच्या स्लाइडला ब्लूजचा खरखरीतपणा नाही. ती स्वच्छ, नेमकी आणि गायकी अंगाची आहे. एखाद्या स्वरावर येताना थेट उडी न मारता खालून हळूच येते, त्यावर टेकते, थोडी डोलते आणि पुढच्या स्वराकडे जाते.

मींड ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि ते कुठून आलं याचा माग मुंबईपर्यंत जातो. 1966 च्या सप्टेंबरात हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, ताजमहाल हॉटेलात उतरला. त्याचा सुगावा लागून गर्दी जमली तेव्हा दोघं काश्मीरला निघून गेले. पुढची दोन-एक वर्षं त्यानं सतारीचा रियाज मनापासून केला. मग त्याच्या लक्षात आलं की या वाद्याला आयुष्य द्यावं लागतं आणि आपण फार उशिरा सुरुवात केली आहे. 1968 च्या सुमारास तो पुन्हा गिटारकडे वळला. सतार बाजूला राहिली तरी स्वराकडे बघण्याची जी दृष्टी तिनं दिली ती हातात उरली, आणि वर्षभरानं स्लाइड मिळाल्यावर तिला वाट सापडली. हे माझं ऐकून झालेलं मत आहे. पण ‘गिव्ह मी लव्ह’ची सुरुवात ऐकलीत तर तुम्हालाही ते पटेल.

आपल्याकडे गिटारचा सरकता सूर परका नाही. व्हॅन शिप्ले यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली हिंदी चित्रपटगीतं रेडिओवर आणि तबकड्यांवर ऐकलेली एक अख्खी पिढी आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या 1967 च्या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या बरोबरीनं पंडित ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे. ज्यांच्या घरी ती वाजली आहे त्यांचा कान हॅरिसनसाठी अर्धा तयारच आहे.

आता प्रत्यक्ष सुरुवात. ती ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’पासूनच करायची, पण हप्त्या-हप्त्यानं. 1970 च्या नोव्हेंबरात आलेला हा अल्बम तीन तबकड्यांचा का झाला याला कारण आहे. बीटल्सच्या एकेका अल्बमवर हॅरिसनच्या वाट्याला साधारण दोन-तीन गाणी येत. त्याच्याकडे गाणी साचत गेली. ‘इझन्ट इट अ पिटी’ 1966 चं. शीर्षकगीत तर 1969 च्या जानेवारीत बीटल्सच्या तालमीत अनेकदा वाजवलं गेलं आणि तसंच राहिलं. त्याच तालमींतून तो एक दिवस उठून घरी गेला आणि त्या रागात ‘वाह-वाह’ लिहिलं. गट फुटल्यावर हा सगळा साठा एकदम बाहेर आला. अमेरिकेत अल्बम सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. एकेका अल्बममागे दोन-तीन गाण्यांची मुभा मिळणाऱ्या माणसाजवळ एवढं होतं, याचा धक्का तेव्हाच्या श्रोत्यांना किती बसला असेल!

एलपीची एक बाजू म्हणजे साधारण चार-पाच गाणी. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तरी तोच हिशेब धरा आणि पहिल्या दोन तबकड्यांच्या चार बाजू चार वेगवेगळ्या दिवशी ऐका. तिसरी तबकडी, ‘अॅपल जॅम’, बाजूला ठेवा. मुख्यतः वादकांनी स्टुडिओत मोकळेपणी वाजवलेलं संगीत त्यात आहे. वाजवणाऱ्यांना मजा आली असणार, पण पहिल्या भेटीत ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून फारसं लागत नाही.

पहिल्या बाजूवरचं ‘माय स्वीट लॉर्ड’ तुम्ही ऐकलेलं असेलच. ते आता हेडफोन लावून, दुसरं काही न करता ऐका. सुरुवातीला नुसत्या अकूस्टिक गिटारी आहेत, कितीतरी एकत्र, एकाच ठेक्यात. त्यांत बॅडफिंगर गटाचे वादक आहेत. हा भरणा नीट कानात बसला की वरून स्लाइड येते. एक नाही, दोन: हॅरिसननं एकावर एक ध्वनिमुद्रित केलेल्या, एकमेकींपासून स्वरांचं अंतर राखत समांतर चालणाऱ्या. मग गाणं सुरू होतं. शब्द अगदी थोडे, एकच आळवणी फिरून फिरून. मागचा कोरस आधी ख्रिस्ती प्रार्थनेतला ‘हालेलुया’ म्हणतो. मधे सूर एका पायरीनं वर चढतो, ड्रम जोर धरतात, आणि तुम्ही चालीत रमलेले असतानाच कोरस ‘हरे कृष्ण’वर आलेला असतो. सांधा कळत नाही. शेवटाकडे त्याच कोरसमध्ये ‘गुरुर्ब्रह्मा’ हा आपल्याला शाळेपासून पाठ असलेला श्लोक येतो. इंग्लंड-अमेरिकेत गाणं पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना तो ओळखू आला असेल? मराठी श्रोत्याला तो पहिल्या ऐकण्यात सापडतो, आणि सापडल्यावर गाण्याची रचनाच वेगळी दिसू लागते. तो सारा कोरस हॅरिसनचाच आवाज आहे, थरावर थर चढवलेला. तबकडीवर मात्र त्याला गमतीनं एका गायकवृंदाचं नाव दिलं आहे.

याच गाण्यानं त्याला कोर्टात खेचलं. शिफॉन्स या गटाच्या 1963 मधल्या ‘हीज सो फाइन’शी चाल जुळते असा दावा झाला आणि 1976 मध्ये न्यायालयानं नकळत केलेली उचल असा निर्वाळा दिला. ही हकीकत लक्षात ठेवा, कारण पुढे त्यावरच त्यानं एक गाणं केलं.

याच बाजूवरचं ‘इझन्ट इट अ पिटी’ सात मिनिटांचं आहे आणि माझ्या मते या अल्बमचा कळस तेच आहे. संथ, एकाच चालीवर वाढत जाणारं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत वाद्यवृंद, कोरस आणि स्लाइड एकमेकांवर चढत जातात. याची आणखी एक, अधिक संथ आवृत्ती चौथ्या बाजूला आहे. दोन्ही ऐकून पाहा. मला पहिलीच पुरी वाटते. ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’ला मात्र दोन-तीनदा ऐकायला वेळ द्या. त्याची चाल अनपेक्षित वळणं घेते आणि पहिल्यांदा हातातून निसटते. त्यात मायेचा उल्लेख आहे, तोही वेदान्ताच्या अर्थानं. ‘व्हॉट इज लाइफ’ला अशा कुठल्याही तयारीची गरज नाही. ते सकाळी लावावं.

या अल्बमबद्दल एक तक्रार तुम्हाला येईल आणि ती रास्त आहे: आवाज फार दाट आहे. सहनिर्माता फिल स्पेक्टर. एकेका वाद्याचे अनेक वादक एकाच वेळी बसवायचे आणि सगळ्यांवर प्रतिध्वनीचा मुलामा चढवायचा ही त्याची रीत होती. पुढे 2001 च्या आवृत्तीच्या वेळी हॅरिसनलाच तो घुमारा जास्त वाटला होता. 2021 मध्ये पॉल हिक्सनं केलेल्या नव्या मिक्समध्ये गळा पुढे आला आहे आणि वाद्यं सुटी झाली आहेत. शब्द नीट ऐकू येत नसतील तर हीच आवृत्ती घ्या. पण ‘वाह-वाह’ आणि ‘लेट इट डाउन’ जुन्या मिक्समध्येही एकदा ऐका. त्या गाण्यांची ताकद त्या गर्दीतच आहे. आणि गाणी मुळात कशी होती ते पाहायचं असेल तर 2012 चा ‘अर्ली टेक्स’ हा छोटा संग्रह ऐका. यातली काही गाणी तिथे जवळजवळ उघडी आहेत.

यानंतर बहुतेक मार्गदर्शक तुम्हाला 1973 च्या अल्बमकडे पाठवतील. मी 1979 कडे पाठवतो.

त्या वर्षीच्या अल्बमचं नाव नुसतं ‘जॉर्ज हॅरिसन’. 1978 च्या ऑगस्टमध्ये त्याला मुलगा झाला होता, धनी. पुढच्याच महिन्यात ऑलिव्हियाशी लग्न. खटले, दौरे आणि मोडलेला पहिला संसार हे सगळं मागे पडलं होतं. हेन्लीच्या फ्रायर पार्क या मोठ्या वाड्याच्या बागेत तो स्वतः खपत असे. ही निवांत सुखाची अवस्था रॉकच्या इतिहासकारांना आकर्षक वाटत नाही, म्हणून या अल्बमचं नाव यादीत खाली जातं. मला तो त्याचा सर्वांत समतोल अल्बम वाटतो. ‘ब्लो अवे’ पावसाळी दिवशी सुचलेलं गाणं आहे. त्यातली स्लाइडची ओळ इतकी सोपी आणि गोड आहे की दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही ती गुणगुणायला लागता. ‘नॉट गिल्टी’ 1968 मध्ये बीटल्सनी असंख्य वेळा ध्वनिमुद्रित करूनही सोडून दिलेलं गाणं. इथे ते हलक्या, जॅझकडे झुकणाऱ्या चालीत आलं आहे आणि त्यातला मूळचा राग निवळला आहे. ‘हिअर कम्स द मून’ हे त्याच्याच सूर्याच्या गाण्याचं भावंड. आणि ‘युअर लव्ह इज फॉरेव्हर’साठी तर अल्बमच विकत घ्यावा: वाऱ्यावर डुलल्यासारखी गिटार, तिच्यावर तितकाच हलका गळा, आणि ज्याच्यावर प्रेम आहे ते माणूस की देव हे शेवटपर्यंत उघड न करणारे शब्द. त्याची कितीतरी गाणी याच संदिग्धतेवर उभी आहेत. आपल्या भक्तिसंगीतात ती जुनीच गोष्ट असल्यानं आपल्याला त्याचं नवल वाटू नये.

‘ऑल थिंग्ज मस्ट पास’च्या भव्यतेनंतर लगेच हा अल्बम ऐकण्यात फायदा असा की गर्दी हटल्यावर मूळ माणूस कसा वाजवतो-गातो ते समजतं. मग 1973 च्या ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’कडे चला. हा त्याचा सर्वांत उघडपणे धार्मिक अल्बम. आतल्या चित्रात कृष्ण आणि अर्जुनाचा रथ आहे. बऱ्याच इंग्रजी समीक्षकांना तो उपदेशी वाटला, आणि काही गाण्यांत उपदेश आहेच; ‘द लॉर्ड लव्हज द वन’ ऐकताना मलाही कीर्तनकार जरा लांबतोय असं वाटतं. पण ‘गिव्ह मी लव्ह’ सुरू होतं तेव्हाची स्लाइड हा त्याच्या वादनातला अस्सल नमुना आहे. ‘बी हिअर नाऊ’ डोळे मिटून ऐकावं इतकं संथ आहे. ‘हू कॅन सी इट’मध्ये तो गळा त्याच्या मर्यादेपलीकडे ताणतो आणि तो ताणच गाण्याला शोभतो.

शीर्षकगीत बारकाईनं ऐका. गाणं धावत्या रॉकमध्ये चाललेलं असतं: पियानो, दणकट ड्रम, सॅक्सोफोन. विषय ऐहिक जगातल्या धावपळीचा. मग आध्यात्मिक आठवणीचा भाग येतो आणि रॉकचा ठेका गळून पडतो. खाली तबला लागतो, सतार आणि बासरी येतात, लय सैल होते. थोड्या वेळानं पुन्हा ड्रम येऊन आपल्याला खाली ओढतात. तो तबला झाकीर हुसेन यांचा आहे. त्या वेळी ते ऐन विशीत होते. दोन जगांतली ये-जा शब्दांनी सांगण्याआधी तालानं सांगितली आहे. या अल्बमचीही नवी आवृत्ती 2024 मध्ये निघाली. इथे जुनी-नवी कुठलीही चालेल, कारण मूळ ध्वनिमुद्रणच मोकळं आहे. यातल्या बहुतेक गाण्यांचे हक्क त्यानं स्वतः स्थापन केलेल्या धर्मादाय संस्थेला दिले.

इथवर आलात आणि शास्त्रीय संगीताची आवड असेल तर आता वळून मागे, अगदी पहिल्या अल्बमकडे जा. ‘वंडरवॉल म्यूझिक’, 1968. सुरुवातीला नको म्हटलं ते याचसाठी: हॅरिसन ऐकून झाल्यावर तो समजतो. जो मॅसोच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठीच्या या संगीताचा काही भाग लंडनमध्ये आणि काही भाग 1968 च्या जानेवारीत मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. फिरोजशहा मेहता रोडवरच्या त्या इमारतीतली जागा आवाजबंद नव्हती. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांपायी काम थांबवावं लागे. वादक कोण? संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर शंकर घोष, सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. शहनाई आहे, तारशहनाई आहे. दोन-तीन मिनिटांचे तुकडे आहेत, राग फुलायला वाव नाही, हे मान्य करूनच ऐका. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी फोर्टात वाजलेली ही शहनाई लंडनमधल्या एरिक क्लॅप्टनच्या विजेरी गिटारच्या शेजारी ठेवलेली ऐकताना मला अजून थरार वाटतो. याच मुंबईच्या सत्रांत ‘द इनर लाइट’चा वाद्यांचा भाग ध्वनिमुद्रित झाला, तो पुढे बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आला.

मैफलीत त्याला ऐकायचं असेल तर ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. 1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एकाच दिवशी दोन कार्यक्रम. पूर्व पाकिस्तानातून भारतात लोटलेल्या निर्वासितांसाठी काहीतरी करावं अशी कळकळ पंडित रविशंकरांची, आणि त्यांच्या शब्दाखातर हॅरिसननं काही आठवड्यांत क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन आणि बॉब डिलन यांना एका रंगमंचावर आणलं. पुष्कळजण सुरुवातीचा भारतीय भाग ओलांडून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसत म्हणाले की जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल. नंतरची ‘बांगला धून’ जुगलबंदी म्हणून स्वतंत्रपणे ऐकण्याजोगी आहे. हॅरिसनच्या भागात ‘हिअर कम्स द सन’ अवघ्या दोन अकूस्टिक गिटारींवर आहे, दुसरी बॅडफिंगरच्या पीट हॅमची.

सत्तरच्या दशकातले उरलेले अल्बम भराभर सांगतो. 1974 चा ‘डार्क हॉर्स’ सगळ्यात शेवटी ऐका. त्याचा घसा पार बसला होता, संसार मोडत होता, आणि त्याच अवस्थेत तो रविशंकर आणि त्यांच्या वादकांना घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. अल्बमभर ती चिरकी ऐकू येते. पण वृंदावनच्या भेटीतून सुचलेलं ‘इट इज ही (जय श्रीकृष्ण)’ त्यातच आहे, आणि हॅरिसन आवडू लागल्यावर हा जखमी आवाजही जवळचा वाटतो. 1975 चा ‘एक्स्ट्रा टेक्श्चर’ उदास आणि एकसुरी आहे. त्यातलं ‘यू’ घ्या आणि पुढे चला. 1976 चा ‘थर्टी थ्री अँड अ थर्ड’ मात्र सोडू नका. नाव एलपीच्या फिरण्याच्या वेगाचं आणि त्याच्या तेव्हाच्या वयाचंही. कोर्टातल्या अनुभवावर केलेलं ‘धिस साँग’ इथे आहे आणि ते चक्क उत्साही आहे. परमहंस योगानंदांना वाहिलेलं ‘डिअर वन’ आहे. आणि शेवटचं ‘लर्निंग हाऊ टू लव्ह यू’ रात्री ऐकण्याचं.

1981 च्या ‘समव्हेअर इन इंग्लंड’चा पहिला खर्डा रेकॉर्ड कंपनीनं नापसंत केला होता, आणि ती ओढाताण अल्बममध्ये जाणवते. लेननच्या हत्येनंतर केलेलं ‘ऑल दोज यिअर्स अगो’ त्यातून उचला. रिंगोचे ड्रम आणि मागे पॉल मॅकार्टनीचा आवाज आहे. 1982 च्या ‘गॉन ट्रॉपो’ला कुणी हातही लावला नाही, खुद्द हॅरिसननं त्याचा प्रचार केला नाही. ‘दॅट्स द वे इट गोज’ या एका गाण्यातल्या स्लाइडसाठी मी तो जपून ठेवला आहे. मग पाच वर्षं अल्बम नाही.

1987 च्या ‘क्लाउड नाइन’नं तो परतला. सहनिर्माता जेफ लिन, आवाज चकचकीत, ड्रम कोरडे आणि ठोस. ऐंशीच्या दशकातलं संगीत आवडणाऱ्यांनी वाटल्यास इथूनच सुरुवात करावी. ‘गॉट माय माइंड सेट ऑन यू’ त्याचं स्वतःचं नाही, जेम्स रेनं 1962 मध्ये गायलेलं जुनं गाणं आहे. तेच 1988 च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. माझी निवड दुसरी: शीर्षकगीत, ज्यात हॅरिसनची स्लाइड आणि क्लॅप्टनची गिटार सवाल-जवाब करतात, आणि ‘समप्लेस एल्स’. हा अल्बम आवडला तर लगेच ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’चा 1988 चा पहिला भाग घ्या. हॅरिसन, डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि लिन असे पाचजण मोकळेपणी जमले की काय होतं ते ‘हँडल विथ केअर’मध्ये ऐकू येतं.

शेवटचा अल्बम ‘ब्रेनवॉश्ड’. हॅरिसन 29 नोव्हेंबर 2001 रोजी गेला. अर्धवट राहिलेली ही गाणी त्याच्या सूचनांना धरून धनीनं आणि जेफ लिननं पुरी केली आणि 2002 च्या नोव्हेंबरात अल्बम निघाला. मृत्यूनंतर जुळवून काढलेल्या अल्बमांबद्दल मन साशंक असतं. इथे त्याची गरज नाही. ‘एनी रोड’, ‘पायसीज फिश’, ‘स्टक इनसाइड अ क्लाउड’ ही त्याच्या उत्तम गाण्यांच्या रांगेत बसणारी आहेत. शीर्षकगीत जगावर चिडलेलं आहे. ते ओसरत जातं आणि शेवटी बापलेक मिळून पार्वतीपतीचा नामघोष करतात. आपल्याकडे आरतीनंतर आणि कीर्तनाच्या अखेरीस होणारा तोच घोष, त्यांच्या संथ सुरात.

आणि याच अल्बमवर ‘मारवा ब्लूज’ आहे. शब्द नाहीत, साडेतीन-पावणेचार मिनिटं नुसती स्लाइड. मारव्याचं व्याकरण त्यात शोधू नका; पंचम कुठे आला, रिषभ कोमल आहे का, हे तपासायला बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण खालची घडण कॉर्ड्सवर उभी आहे. मारव्याकडून त्यानं घेतली आहे ती संध्याकाळची अस्वस्थता. ओळ वर जाते, ज्या स्वरावर थांबेल असं वाटतं तिथे थांबत नाही, बाजूनं वळसा घेऊन उतरते. 1970 मधल्या त्या दोन समांतर स्लाइडी आणि ही एकटी स्लाइड पाठोपाठ ऐका. हात तोच आहे, पण मधल्या 30 वर्षांत त्यानं किती स्वर गाळायला शिकून घेतले ते कळतं. या वादनाला 2004 मध्ये ग्रॅमी मिळालं.

यानंतर यादी संपत नाही, फक्त मुखपृष्ठावर त्याचं नाव राहत नाही. 1997 चा पंडित रविशंकरांचा ‘चँट्स ऑफ इंडिया’ त्यानं निर्माण केला. वैदिक मंत्र आणि पारंपरिक श्लोक त्यात चेन्नईत आणि फ्रायर पार्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले आहेत. घरात देवघरापाशी तो लावणाऱ्या कित्येकांना निर्माता कोण ते माहीत नसेल. स्लाइडचा माग मात्र आणखी दोन ठिकाणी घ्यायचा आहे, दोन्ही 1971 सालची: बॅडफिंगरचं ‘डे आफ्टर डे’ आणि लेननच्या ‘इमॅजिन’ अल्बमवरचं ‘गिमी सम ट्रूथ’. वादकांची नावं न वाचता ती ऐका. पहिल्या गाण्यात स्लाइड सुरुवातीलाच येते, दुसऱ्यात गाण्याच्या मध्यावर.